सोसायटीत ‘जादा पडताळणी’चा ठराव येतोय. तुमच्याकडे काय चालतं?

चौथा मजला
मंडळी, मी ठाण्यात राहतो. आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा येत्या रविवारी, १० ऑगस्टला आहे. विषयपत्रिकेत एक विषय असा: "देशातील सद्यस्थिती पाहता भाडेकरूंची जादा पडताळणी." पहलगामनंतर एका सभासदाने हे ग्रुपवर काढलं होतं, तेव्हा ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं गेलं. मग जुलैत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले, २१ तारखेला लोकल स्फोटांचा आणि ३१ ला मालेगावचा, आणि ग्रुप पुन्हा तापला.

भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन द्यायची, हे सगळ्यांना आहेच आणि आम्ही ते करतो. ठराव त्याच्या पुढचा आहे. भाडेकरू "विशिष्ट समाजाचा" असेल तर मूळ गावच्या पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला, सोसायटीतल्या दोन सभासदांची लेखी हमी आणि कमिटीसमोर मुलाखत. मसुद्यात अक्षरशः "विशिष्ट समाज" लिहिलंय. सेक्रेटरींना विचारलं कोणता समाज, तर म्हणाले, "तुम्हाला कळतं की."

सध्या असं एकच कुटुंब आहे, बी विंगला. बाई नर्स आहेत. करोनात अर्ध्या बिल्डिंगचा ऑक्सिजन त्यांनी दारोदार जाऊन बघितला होता.

हे कायद्यात बसतं का? आणि कायदा राहू दे, खबरदारी म्हणून तरी यात काही दम आहे का?

कुरमुरे
जागा पकडून ठेवतो. शंभरी नक्की.

खडकवासला
यात चुकलं काय ते आधी सांगा. जुलै २०२३ आठवतो का? कोथरूडला रात्री दुचाकी चोरताना पकडलेले निघाले एनआयएला हवे असलेले, डोक्यावर पाच-पाच लाखांचं बक्षीस. वर्षभराहून जास्त काळ कोंढव्यात राहत होते. शेजाऱ्यांना गंध नाही. त्याआधी २०१० ची जर्मन बेकरी. शनिवारची संध्याकाळ, १७ माणसं गेली. माझं ऑफिस तेव्हा कोरेगाव पार्कातच होतं, त्या कोपऱ्यावरून रोजचं जाणं-येणं. सोमवारी पत्रे ठोकून रस्ता अडवलेला बघितला तेव्हा पायातलं बळ गेलं होतं.

सरकार कुठे कुठे पुरं पडणार? आपल्या दारात आपणच बघायचं. ज्याच्या मनात काही नाही त्याने दोन कागद जास्त दिले तर काय बिघडलं? पहलगामला धर्म विचारूनच गोळ्या घातल्या ना? गेलेल्या २६ पैकी सहा आपल्या महाराष्ट्रातले होते, तिघे तर तुमच्या शेजारच्या डोंबिवलीचे. तेव्हा "विशिष्ट" शब्दावर कुणी धागा काढला नाही.

तिरपागडं
कोथरूडला त्यांना पकडलं कुणी? गस्तीवरच्या पोलिसांनी, दुचाकी चोरताना. फॉर्मने नाही. सोसायटीच्या मुलाखतीने तर नाहीच.

आणि पहलगामला अतिरेक्यांना अडवायला गेलेला तो घोडेवाला कोण होता, तेही लिहा की.

विरार फास्ट
मला दोन्ही बाजूंचं पटत नाही म्हणून लिहितो.

११ जुलै २००६. अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, पश्चिम रेल्वेवर. १८९ माणसं गेली. मीरा रोडला ज्या डब्यात झाला त्याच्या बाजूच्याच डब्यात माझा मामेभाऊ होता. वाचला, पण एक कान कायमचा गेला. त्या रात्री फोन लागत नव्हते. मी आणि मामा हॉस्पिटलात फळ्यावर खडूने लिहिलेली नावं वाचत उभे होतो. एकजण ओल्या फडक्याने चुकलेली नावं पुसून नवी लिहीत होता. नाव नाही म्हणजे चांगलं की वाईट, तेही कळत नव्हतं.

२०१५ ला विशेष मकोका कोर्टाने बारा जणांना दोषी ठरवलं. पाच फाशी, सात जन्मठेप. आम्ही म्हटलं, चला, संपलं. आता हायकोर्ट म्हणतं बाराही निर्दोष, सरकारी पक्षाला काही सिद्धच करता आलेलं नाही. कबुलीजबाब टिकले नाहीत, ओळखपरेड टिकली नाही, बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेसुद्धा धड नोंदीवर नाही. त्यातला एक २०२१ ला नागपूरच्या तुरुंगात करोनाने गेला. सुप्रीम कोर्टाने लगेच स्थगिती दिली हे खरं, पण ती हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरती. सुटलेल्यांना परत आत बोलावलेलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी भावाचा फोन आला. म्हणाला, "मग ठेवले कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खडकवासला, भीती खोटी नाही हे तुमचं मान्य. माझ्या घरात ती आहे. पण एकोणीस वर्षं आपण भलत्याच माणसांवर दात खात बसलो असू, तर ज्यांनी केलं ते मोकळे आहेत. नुकसान कुणाचं झालं? त्या बारा जणांचं तर झालंच, आमचंही झालं.

खडकवासला
विरार फास्ट, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण पुराव्याअभावी सुटणं आणि निर्दोष असणं यात फरक असतो.

तिरपागडं
हे वाक्य २१ तारखेच्या निकालाला लावायचं की ३१ च्या, तेवढं सांगा. की दोन्हीकडे वेगवेगळी पट्टी?

कुरमुरे
पेटला. चहा टाका.

दापोलीकर
कालपासून वाचतोय. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, राहवलं नाही.

मी दापोलीकडचा. कोकणी मुसलमान, आडनाव इनामदार. आमच्या घरात जे बोलतात ते इथल्या कुठल्याही रत्नागिरीकराला पहिल्या वाक्यात कळेल. पुण्यात घर शोधताना या आडनावाचा फार उपयोग होतो. पहिली पाच मिनिटं. एजंट म्हणतो, "इनामदार का? या ना साहेब, मालक एकदम सज्जन, फॅमिलीलाच देतात." मग करारासाठी पूर्ण नाव विचारतो. मी सांगतो. "एक मिनिट हां, दुसरा फोन येतोय." त्यानंतर मालकाच्या भाच्याचं लग्न ठरतं, मालक स्वतःच राहायला येणार असतात. एकदा तर फ्लॅटला गळती लागली. मे महिन्यात.

कागदांचं म्हणाल तर माझी फाइल तयार असते. पासपोर्ट, कंपनीचं पत्र, आधीच्या मालकाचं पत्र, मुलीच्या शाळेचा दाखला. खडकवासला, तुमचे ते "दोन कागद जास्त" मी मागायच्या आधीच काढून ठेवतो. कागदाचा राग नाही. मुलाखतीचा आहे. मी, माझी बायको आणि दहावीतली मुलगी खुर्च्यांवर बसणार आणि समोरचे काका विचारणार काय? "तुमचा काही संबंध नाही ना?" याला उत्तर काय देतात? नाही म्हटलं तर सगळेच नाही म्हणतात.

लोकांना वाटतं स्फोट झाला की आम्हाला स्फोटाची भीती वाटत नाही. मीही लोकलने फिरलोय. माझे चुलते त्या ११ जुलैला चर्चगेटहून निघाले होते. आमच्या घरी आधी ते पोचले का ही काळजी, आणि ते पोचल्यावर टीव्हीसमोर बसून दुसरी: पकडलेल्यांची नावं काय येतात. ही दुसरी काळजी तुमच्या घरात नसते.

चौथा मजला, राग मानू नका. नर्सबाईंनी ऑक्सिजन बघितला हे तुम्ही का लिहिलंत ते कळतं. पण त्या खडूस असत्या, पार्किंगवरून भांडणाऱ्या असत्या, तरी ठराव चूकच ठरायला हवा ना? आम्हाला भांडायची सोय नसते. चार दिवस पाणी कमी आलं तरी सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहीत नाही. दुसरा कुणीतरी लिहील म्हणून वाट बघतो.

चौथा मजला
राग कसला. मुद्दा बरोबर आहे. रविवारी बोलताना ऑक्सिजनचं काढणार नाही.

पिठलंभाकरी
दापोलीकर, मे महिन्यातली गळती!! हसू की रडू.

सव्वीस-अकरानंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानने त्या नऊ अतिरेक्यांना दफनाला जागा नाकारली होती, हे किती जणांना आठवतं? वर्षभराहून जास्त काळ प्रेतं जेजेच्या शवागारात पडून होती. शेवटी सरकारने जानेवारी २०१० मध्ये गुपचूप कुठेतरी पुरली आणि विधिमंडळात ते सांगितलं एप्रिलमध्ये, आर. आर. आबांनी.

दापोलीकर
आठवण काढलीत, बरं वाटलं. पण खरं सांगू? हे उदाहरण मी स्वतः कधी देत नाही. दिलं की मीच माझ्यासाठी चारित्र्याचा दाखला लिहितोय असं वाटतं.

कांदाभजी
जरा अवांतर. सरकारी खबरदारीवर बोलायचं तर सीएसएमटीच्या त्या चौकटी. सव्वीस-अकरानंतर बसवल्या. सकाळी नऊला लोंढा आला की एकसारखं टूं टूं टूं वाजतं, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, किल्ल्या, डबा. बघायला कुणी नसतं आणि असलं तरी काय बघणार, तो माणूस आहे की अष्टभुजा? शिवाय दोन चौकटींच्या मधे हातगाडी जाईल एवढी मोकळी जागा. घाई असलेले तिथून जातात. मॉलला गाडीखाली आरसा फिरवतात तोही असाच. आरशाने खाली बघायचं आणि वॉचमनने वर, मागच्या गाडीच्या हॉर्नकडे.

नाशिकची द्राक्षं
माझ्या दाढीवाल्या मित्राबरोबर त्याच चौकटीतून गेलात तर बघायला माणूस बरोबर हजर असतो. दाढी त्याची, आडनाव कुलकर्णी. बॅग उघडतात, ओळखपत्र बघतात, मग "जा, जा, साहेब."

नाकाबंदी
माझी सगळी नोकरी पोलीस खात्यात गेली. आता निवृत्त. थोडं लिहितो.

भाडेकरूची माहिती द्यायचा आदेश पोलीस आयुक्त काढतात. पूर्वी फौजदारी संहितेच्या १४४ खाली निघायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली. असा आदेश दोन महिन्यांपुरता असतो म्हणून तो पुन्हा पुन्हा निघतो. मोडला तर घरमालकावर पूर्वी १८८, आता न्याय संहितेचं २२३. आदेश सरसकट सगळ्या मालकांना असतो, सगळ्या भाडेकरूंसाठी. तुमच्या कमिटीला जे पाहिजे आहे ते सरकारने मागितलेलंच नाही. सरकारच्या नावावर ते खपवलं जातंय.

कागदी फॉर्मच्या काळात आमच्या ठाण्यात त्याचे गठ्ठे सुतळीने बांधून कपाटावर चढवायचे. काम एका शिपायाकडे, तोच समन्स बजावायला, तोच गणपतीच्या बंदोबस्ताला. मूळ गावी खात्री करायला पत्र टाकलं तर उत्तर यायच्या आत भाडेकरू खोली सोडून गेलेला असायचा. मग फॉर्म निरुपयोगी का? तसं नाही. गुन्हा घडल्यावर नाव, फोटो, नंबर हाताशी लागतो आणि तपासाला सुरुवात मिळते. म्हणून भरा. सगळ्यांचा भरा.

दुसरं. ओंबळे साहेबांनी कसाबला गिरगाव चौपाटीवर धरला. गाडीची खबर वायरलेसवर आधीच आली होती, शोध गाडीचा होता. चेहरा बघून ठरवायचं म्हटलं असतं तर त्या पोराच्या मनगटाला लाल धागा होता आणि जवळ हिंदू नावाचं कॉलेजचं ओळखपत्र.

खबर लागते, साहेब. आणि ती आणून देणारा मोहल्ल्यातलाच माणूस असतो. मला मिळालेल्या चांगल्या खबरा तिथूनच आल्या. त्या माणसाला तुम्ही रोज तिरक्या नजरेने बघितलं तर तो ठाण्याची पायरी कशाला चढेल?

तिरपागडं
नाकाबंदी, सलाम. यात डेव्हिड हेडली जोडा. मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ ला नाव बदलून घेतलं, अमेरिकी पासपोर्ट, ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशनचं ऑफिस थाटलं, जिम लावली आणि निवांत ताजचं चित्रीकरण करून गेला. चौथा मजलांच्या कमिटीने त्याला मुलाखतीला बोलावलंच नसतं, तो "विशिष्ट" नाही ना! उलट दिवाळीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा केला असता.

खडकवासला
अपवाद दाखवून नियम मोडत नाही. शंभरातला एक हेडली.

टेम्सकाठी
लंडनहून लिहितेय. ७ जुलै २००५ ला इथे स्फोट झाले तेव्हा मी नवीनच आले होते. त्यानंतरचे काही महिने ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, सॅक पाठीला लावून चढलं की शेजारची माणसं उठून दुसऱ्या डब्यात जायची. माझ्या नवऱ्याने सॅक टाकून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घेतली. डबा, छत्री, पुस्तक, सगळं दिसेल असं. तो देशस्थ ब्राह्मण, पण ट्यूबमधल्या बाईंना ते कुठून कळणार? आपण इथे "आम्ही तसले नाही" असं कपाळावर लिहून फिरू शकत नाही. २२ जुलैला स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी ज्याला आत्मघाती समजून मारलं तो तर ब्राझीलचा इलेक्ट्रिशियन होता.

दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ खाली पोलिसांना कुणालाही काही संशय नसताना थांबवून झडती घ्यायची मुभा होती. आशियाई आणि काळे लोक त्यात जास्त सापडायचे. २००९-१० या एका वर्षात लाखभर माणसं थांबवली. दहशतवादाच्या गुन्ह्यात अटक किती? एकही नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१० ला ते कलम बेकायदा ठरवलं.

खडकवासला, शंभरातला एक अपवाद म्हणता. इथे लाखातही एक सापडला नाही.

खडकवासला
त्यांच्याकडे सीमेवर पाकिस्तान नाही, ताई.

मालेगाव कॅम्प
मालेगावचं नाव आलंय, गावचा कुणीच बोलला नाही. मी बोलतो. मोसम नदीच्या अलीकडचा, म्हणजे हिंदू वस्तीतला.

८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बारात. नमाज सुटायच्या वेळेला बडा कब्रस्तानात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. मेलेले बहुतेक सगळे मुसलमान. त्यात लहान पोरं होती, दारात बसणारे भिकारी होते. आणि अटक कुणाला? नऊ मुसलमानांना. तेव्हा आमच्या कट्ट्यावर कुणालाही यात काही विचित्र वाटलं नाही, हे मी आज सांगू शकतो. "त्यांच्या-त्यांच्यातलं असेल" म्हणून चहा संपवला आणि उठलो. स्फोट हिंदुत्ववादी गटाने केले, या स्वामी असीमानंदांच्या कबुलीनंतर २०११ ला त्या नऊ जणांना जामीन झाला. २०१६ ला कोर्टाने सगळ्यांना आरोपमुक्त केलं, तोवर नवांपैकी एक वारला होता.

मग २९ सप्टेंबर २००८, भिक्खू चौक. सहा गेले. एटीएसचे प्रमुख तेव्हा हेमंत करकरे. त्यांनी पकडलेले वेगळे होते, त्यांचा खटला सतरा वर्षांनी ३१ जुलैला संपला, सातही निर्दोष. कोर्टाने मृतांच्या घरच्यांना दोन-दोन लाख द्यायला सांगितलेत.

म्हणजे २००६ चे कुणी ठेवले, ठाऊक नाही. २००८ चे कुणी ठेवले, ठाऊक नाही. विरार फास्टांच्या भावाचा प्रश्न आमच्याकडे दोनदा आहे. पण गावाचं नाव घेतलं की बाहेरचा माणूस एकदम ताठ होतो. नाशिकला कॉलेजला होतो तेव्हा रूम बघायला गेलो. मालकीणबाईंनी माझं नाव ऐकलं, हसल्या, चहा दिला. गाव ऐकल्यावर म्हणाल्या, "मालेगाव? बरं बरं. वडलांना घेऊन या." बाकीच्या पोरांच्या वडलांना कुणी बोलावलं नव्हतं.

आता लूम किती चालू, किती बंद, दर किती पडले यावर बोला कधीतरी. गावाला त्याची काळजी जास्त आहे.

संतापराव
सरळ आहे. ७/११ वाल्यांच्या विरोधात सरकार दोन दिवसांत सुप्रीम कोर्टात धावतं, मालेगावच्या वेळी तीच घाई दिसत नाही. यातच सगळं आलं.

भगवी पताका
आणि सतरा वर्षं एका लष्करी अधिकाऱ्याला आणि साध्वीला छळलं, तेव्हा तुम्ही कुठे होता? तेव्हा "पुराव्याअभावी" आठवला नाही?

संतापराव
आठवला असता तर तुम्हाला चाललं असतं का?

संपादक
दोघेही थांबा. धागा भाडेकरू पडताळणीचा आहे. निकालांवर दुसरीकडे दोन धागे चालू आहेत, तिकडे जा. पुढचा असा प्रतिसाद उडेल.

कोळंबी
मी ठराव वाचल्यावर माझं रक्त वेगळ्याच कारणाने उसळलं. २०२३ ला मुलुंडमध्ये मराठी बाईला ऑफिसला जागा नाकारली, तो व्हिडिओ आठवतो? त्यावर इथे केवढा धुरळा उडाला होता. खडकवासला, तुमचे प्रतिसाद त्यात सगळ्यात तिखट होते आणि मी त्यातल्या प्रत्येकाला +१ दिलं होतं. "आमच्याच मुंबईत आम्हाला घर नाही" वगैरे. मला बांगडा तळते म्हणून घाटकोपरला नकार मिळालाय. तिथला मालकही म्हणाला होता, "पर्सनली मला काही नाही हो, सोसायटीचं असं आहे." अगदी हेच वाक्य.

खडकवासला
मासे आणि सुरक्षा एकच का? तुलनाच चुकीची आहे.

कोळंबी
सुरक्षा म्हणता तर बी विंगच्या नर्सबाईंच्या स्वयंपाकघरातून नक्की काय धोका आहे ते लिहा. मी वाट बघते.

खडकवासला
त्यांच्यापासून आहे असं मी म्हटलेलं नाही. कुणापासून आहे ते आधी कळत नाही, हाच तर प्रश्न आहे. तुम्ही सगळे मिळून मला व्हिलन करताय. मी कोंढव्याजवळ राहतो, ईदेला शिरकुर्मा माझ्याही घरी येतो. पण रात्री साडेतीनला लिफ्टचा आवाज आला की मी दाराच्या भोकातून बघतो. ते चूक असेल, पण खरं सांगतोय.

नाकाबंदी
बघा की. रात्री साडेतीनला कुणीही आलं तरी बघा. चोर पकडून द्याल एखादा.

कलम पंचावन्न
वकिली करतो, जास्त करून सोसायट्यांचीच भांडणं. आता मूळ प्रश्न.

एक, आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आगाऊ लेखी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. भाडेकरूची मुलाखत हा प्रकार कुठेही नाही. करार नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकलीय. असा ठराव उपनिबंधकांकडे गेला तर कमिटीला उत्तर देताना घाम फुटेल.

दोन, हे कडू आहे. एखाद्या मालकाने स्वतःच धर्म बघून घर दिलं नाही तर त्याला थेट अडवणारा कायदा आपल्याकडे नाही. घटनेचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते म्हणतं, राहतं घर म्हणत नाही. शिवाय २००५ ला अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवायला मान्यता दिलीय. म्हणजे ठराव तुम्ही पाडाल, मालकाच्या मनाचं काही करता येत नाही.

सभेत एकच करा. "विशिष्ट समाज" ऐवजी "सर्व भाडेकरू" अशी दुरुस्ती सुचवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. मग गंमत बघा.

चौथा मजला
सभा झाली. सविस्तर लिहितो.

वकीलसाहेबांनी सांगितलेली दुरुस्ती मी मांडली. हॉलमध्ये क्षणभर कुणाला काही कळेना. सेक्रेटरी म्हणाले, चांगलं आहे, समानता. मग ज्यांचे फ्लॅट भाड्याने आहेत ते एकेक उठले. एकांचे चिरंजीव सिंगापूरला, त्यांच्या फ्लॅटमध्ये एका आयटी कंपनीची पोरं राहतात, दर अकरा महिन्यांनी बदलतात. "प्रत्येक वेळी गावचा दाखला? महिनाभर फ्लॅट रिकामा राहील, भाडं सोसायटी देणार का?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, माझे भाडेकरू बँकेत मॅनेजर आहेत, त्यांना मुलाखतीला बोलावू? शोभतं का? पाच मिनिटांत मुलाखत गेली, दहा मिनिटांत हमीपत्र गेलं, दाखला तहकूब. राहिलं काय, तर पोलिसांना ऑनलाइन माहिती द्यायची आणि तिची प्रत ऑफिसात ठेवायची. म्हणजे जे आधीपासून होतं तेच. शेवटी पाऊण तास लिफ्टच्या वार्षिक करारावर भांडण झालं.

"विशिष्ट" हा शब्द का काढला यावर कुणीच बोललं नाही. नर्सबाई भाडेकरू, त्यामुळे सभेत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे मालक लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "ठराव पडला ते छान झालं हो. पण करार नोव्हेंबरला संपतोय, आता मी काही वाढवत नाही. मला कुणाबद्दल काही नाही. कटकट नको."

विरार फास्ट
म्हणजे ठराव न होताच लागू झाला.

दापोलीकर
ठाण्यात शोधायला लागले की सगळे एजंट त्यांना राबोडी नाहीतर मुंब्र्याकडे पाठवतील. मुंब्रा ९२-९३ नंतर वाढलं ते असंच. त्यांना जायचं असेल तर जाऊ दे, आपली माणसं असतात, त्रास कमी होतो. पण हॉस्पिटलची नाइट ड्युटी असेल तर तिथून येणं-जाणं जड जाईल. आतापासून शोधायला सांगा, ऑक्टोबरच्या भरवशावर राहू नका. एजंटला पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगायचं. चपला झिजत नाहीत.

कलम पंचावन्न
मुदत संपल्यावर करार न वाढवणं मालकाच्या हक्कात येतं, तिथे काही करता येणार नाही. पण मुदतीआधी घर सोडायला सांगत असतील तर करारातली नोटीस आणि लॉक-इनची कलमं बघून मला निरोप टाका. आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापायचे असतात ते करारात लिहिलेले असतील तरच.

दापोलीकर
डिपॉझिट हातात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, हेही सांगा त्यांना. मी एकदा दिली होती. अजून फोन करतोय.